चाकरमानी बाईला खोली कोण देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले दोन रविवार तुमच्या पेपरात कोकणातली पोरं गाव सोडून जातात त्यावर पत्रं येतायत. एकाने लिहिलंय की मातीशी इमान राखा, आंबा आहे काजू आहे, टुरिझम वाढतंय, बाहेर जायची गरजच काय, आणि दुसऱ्याने लिहिलंय की इथे बसून मोहोर मोजत बसणार का, बाहेर पडा. दोन्ही वाचली. दोन्ही पुरुषांनी लिहिलेली आहेत आणि दोन्ही "तरुणांनो" म्हणून सुरू होतात. मी काही त्यातली तरुण नाही, चौतीस वर्षांची आहे, सात वर्षांची मुलगी आहे, नवऱ्याची आंब्याची बाग आहे, घरी सासूबाई आहेत, आणि मला पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय. उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिलीय. तर म्हटलं तिसरं पत्र आपण लिहूया.

आधी माझं सांगते. रत्नागिरीत एका पतसंस्थेत अकाउंटला आहे, बीकॉम झाल्यावर जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशोबाचा सरकारी डिप्लोमा) केलं, अकरा वर्षं झाली. हातात एकोणीस हजार येतात. सकाळी पावस रस्त्यावरून एसटीने यायचं, संध्याकाळी सहाची गाडी चुकली तर मग रिक्षावाल्याच्या हातापाया पडायचं. काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, पण अकरा वर्षांत पगार कुठून कुठे आलाय तो बघितला तर पुढच्या अकरा वर्षांत कुठे जाईल ते मला कॅल्क्युलेटर न घेता सांगता येतं. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने तिच्या कंपनीत माझा सीव्ही दिला, जीएसटी आणि अकाउंट्सचं काम, दोन इंटरव्ह्यू मोबाईलवर झाले (दुसरा तर मी आमच्या गच्चीवर उभी राहून दिला कारण घरात रेंज नाही, खालून नवरा कोंबड्या हाकलत होता), आणि लेटर आलं.

हे लेटर नवऱ्याला आलं असतं ना तर कोणी काही विचारलंच नसतं. पेढे वाटले असते. वाडीत पहिला प्रश्न आला असता "कधी निघतोस?" मला पहिला प्रश्न आला "मग घरचं कोण बघणार?" दुसरा आला "जेवणाचं काय?" आणि तिसरा, जो तोंडावर कोणी विचारत नाही पण वहाळावर कपडे धुताना विचारला जातो, की नवरा-बायकोचं काही बिनसलंय का. वाडीतले एक तात्या नवऱ्याला म्हणाले, काय रे, आता बायकोची मनीऑर्डर खाणार काय. नवरा म्हणाला, अप्पांची (म्हणजे माझ्या सासऱ्यांची) खाल्लीच ना आपण सगळ्यांनी, तेव्हा तुम्हाला काय ती कडू लागली? मला नवऱ्याचं हे असलं बोलणं बरेच वेळा डोक्यात जातं पण त्या दिवशी बरं वाटलं.

आता यातली गंमत बघा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, आख्ख्या महाराष्ट्रात आपला जिल्हा त्यात पुढे. शाळेत असताना आम्हाला बाई हे कौतुकाने सांगायच्या, आपल्याकडे मुलींना मान आहे वगैरे. मान असेलही. पण बायका जास्त जन्मल्या म्हणून आकडा वाढलेला नाही, पुरुष मुंबईला मोजले गेले म्हणून वाढलाय. आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाख शहाण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर आली, सिंधुदुर्गचीही घटली. म्हणजे जाणं हे आपल्याकडे काय नवीन नाही हो. जाणं हाच आपला धंदा आहे. फक्त कोणी जायचं आणि कोणी राहायचं याची वाटणी ठरलेली आहे, आणि ती वाटणी मोडली की लोकांना बोलायला शब्द सापडत नाही. २०२५ च्या गणपतीच्या आधी बातमी आली होती की सरकारी कागदात चाकरमानी (म्हणजे मुंबईला नोकरीला गेलेला आपला कोकणी माणूस) न लिहिता कोकणवासीय लिहायचं, त्यात अपमान आहे म्हणे. वाचून मी नवऱ्याला विचारलं की चाकरमानीचं स्त्रीलिंग काय रे. त्याला आलं नाही. मलाही येत नाही. चाकरमानीण म्हटलं तर चाकरमान्याची बायको असंच कोणाला पण वाटेल.

आमच्या अप्पांचीच गोष्ट सांगते, कारण जाऊ की नको हा प्रश्न मी जेव्हा सगळ्या बाजूंनी उलटापालटा केला तेव्हा शेवटी मला उत्तर त्यातच मिळालं. अप्पा सतराव्या वर्षी मुंबईला गेले, गिरणीत. जाताना त्यांच्याकडे काय होतं? एक ट्रंक, एक वळकटी आणि लालबागच्या एका चाळीचा पत्ता. तो पत्ता कोणा नातेवाइकाचा नव्हता, गावमंडळाच्या खोलीचा होता. दहा बाय दहाची खोली, त्यात आपल्याच गावातले पंधरा-वीस जण, दिवसपाळीवाले रात्री झोपायचे आणि रातपाळीवाले दिवसा, ट्रंक ठेवायला फळीवर जागा, महिन्याची वर्गणी ठरलेली, जेवण खानावळीत. पहिला पगार होईपर्यंत वर्गणी मागायची नाही असा नियम होता. नोकरी पण खोलीतल्याच कोणीतरी जॉबरला (गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाला) सांगून लावून दिली. आजारी पडले तेव्हा खोलीतल्यांनीच गाडीत बसवून गावाला पाठवलं. म्हणजे अप्पांनी "मुंबईला जाऊ की नको" असा विचार कधी केलाच नाही, करायची गरजच पडली नाही, कारण मुंबईत पाय ठेवायच्या आधीच त्यांची अंथरुणाची जागा तयार होती. १९८२ च्या जानेवारीत अठरा तारखेला संप झाला आणि तो संपलाच नाही, अप्पा ट्रंक घेऊन परत आले. तेव्हाही खोलीने चार महिने वर्गणी न घेता ठेवून घेतलं होतं असं ते सांगायचे. मालक काय बोलले युनियन काय बोलली ते त्यांना नीट आठवायचं नाही, पण खोलीत कोणाची ट्रंक कुठल्या कोपऱ्यात होती ते शेवटपर्यंत पाठ होतं.

आणि बायका तेव्हा मुंबईत नव्हत्याच असं पण नाही बरं का. त्या खानावळी कोण चालवत होतं? बायकाच ना. दहा-पंधरा गिरणीकामगारांचं दोन वेळचं जेवण एकेक बाई घरच्या चुलीवर रांधायची, सामानासाठी सावकाराकडून उचल घ्यायची आणि व्याजात बुडायची. १९७५ ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठीच. मुंबईला गेलेला कोकणी माणूस म्हणून आपण जे नेहमी डोळ्यासमोर आणतो ना, त्याच्या ताटात कोणीतरी बाईने वाढलेलं होतं, एवढंच मला म्हणायचंय, ते राहतंच बोलायचं.

आता माझा हिशोब मांडते. अकाउंटवाली आहे, त्याशिवाय मला झोप लागत नाही. लेटरवर लिहिलंय वर्षाला पाच लाख चाळीस हजार. वाडीत तो आकडा फिरला तेव्हा फिरता फिरता सहा लाख झाला. पाच चाळीसचे महिन्याला पंचेचाळीस हजार होतात, पण ते सीटीसी, म्हणजे कंपनीला माझ्यावर पडणारा सगळा खर्च. त्यात दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे साडेचार हजार दर महिन्याला बाजूला, वर्षाअखेर कंपनीला वाटलं तर मिळणार. पीएफचे माझे अठराशे जाणार ते ठीक, पण कंपनीने भरायचे अठराशे पण त्याच पंचेचाळीसमधून. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, ती पण त्यातच धरलेली. दोनशे प्रोफेशनल टॅक्स. सगळं वजा जाता हातात साडेपस्तीस. ज्यांना ज्यांना ऑफर लेटर येईल त्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की वरचा आकडा वाचून पेढे आणू नका, खालचा तक्ता एचआरकडून मागून घ्या आणि "इन हँड किती" असं सरळ विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

मग मी आणि नवरा एका शनिवारी रात्रीच्या एसटीने पुण्याला गेलो जागा बघायला. वन बीएचके, कंपनीपासून बसने पाऊण तास, भाडं सतरा हजार, डिपॉझिट एक्कावन्न हजार, एक महिन्याचं भाडं ब्रोकरला. म्हणजे कुलूप उघडायलाच पंच्याऐंशी हजार. शिवाय अकरा महिन्यांचा करार, तो रजिस्टर करायचा खर्च वेगळा (महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा असला तरी रजिस्टर करायलाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते, हे ब्रोकर सांगत नाही). साडेपस्तीसमधून सतरा गेले की राहिले साडेअठरा, त्यात तिघांचं खाणं, मुलीची शाळा, शाळेनंतर तिला ठेवायची सोय, बस, गॅस, लाईट बिल. इथे मला एकोणीस मिळतात आणि घरभाडं शून्य, तांदूळ घरचे, नारळ घरचे, मासे म्हणाल तर शेजारी आणून देतात. म्हणजे आख्खं घर उचलून पुण्याला नेलं तर मी आहे त्यापेक्षा गरीब होणार, ते पण जास्त पगार घेऊन!

पण एकटी गेले तर? पीजीचे नऊ हजार, वरखर्च पाच-सहा हजार, आणि घरी वीसेक हजार पाठवू शकते. तेव्हा मला कळलं की आपल्याकडची माणसं एकेकटी का गेली. आपण उगाच म्हणतो की जुनी माणसं बायका-पोरांना गावाला ठेवून गेली कारण तशी रीत होती, शेती होती, देव होते. रीत बीत नंतर झाली. पगारच एका माणसाला पोसण्याइतका होता, आणि अजूनही तसाच आहे. शहर एका माणसाच्या हातांचे पैसे देतं, त्या हातांना घर असतं ते त्याच्या हिशोबात धरलेलं नसतं. घर कोकणाने सांभाळायचं. आमच्या आईंनी (सासूबाईंनी) तीस वर्षं सांभाळलं, भात लावलं, म्हशी ठेवल्या, दोन मुलं वाढवली, सासऱ्यांच्या आईबापाचं केलं, आणि मनीऑर्डरच्या पावतीवर अंगठा दिला. शेतीचा हिशोब कोणी काढला तर त्यात आईंचं नाव कुठे नाही.

नवऱ्याने यावं माझ्याबरोबर असं सुचवणारे पण आहेत, मुख्य म्हणजे माझ्या माहेरचे. पण त्याची आंब्याची सत्तर कलमं आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बाग म्हणजे काय झाडाला आंबे लागतात आणि आपण काढतो असं नसतं. पावसाळ्यात आळी, खतं, मग थंडी पडायला लागली की मोहोराची वाट, मोहोर आला की तुडतुडा, मग थ्रिप्स, मग फवारण्या, मग फेब्रुवारीत उष्णता वाढली की कणी गळते, मग अवकाळी पाऊस, मग माकडं, मार्चपासून काढणी, पेट्या भरायच्या आणि वाशीला पाठवून दलालाच्या पट्टीची वाट बघायची. नोव्हेंबर ते मे हा माणूस घरचा पण नसतो, पुण्याचा काय होणार. बाग कराराने देता येते, दिलेली आहे लोकांनी. आमच्या बाजूच्या बागेचे मालक ठाण्याला असतात, त्यांनी पाच वर्षांच्या करारावर दिली, करारवाल्याने कल्टार (झाडाला जबरदस्तीने मोहोर आणणारं औषध) घालून घालून पहिली तीन वर्षं भरपूर आंबा काढला, आता झाडं अशी दिसतात की बघवत नाही. करारवाल्याला पाच वर्षांचं झाड पाहिजे, आपल्याला पन्नास वर्षांचं. आणि विकायचं म्हटलं तर सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत, त्यातली सहा मयत, दोन कुठे आहेत ते देवाला माहीत. कर्ज काढायला गेलं तरी बँक म्हणते सगळ्यांच्या सह्या आणा. तर ते असो.

एक गोष्ट मात्र मला बागेत दरवर्षी दिसते. राखणीला आणि काढणीला आपल्याकडे नेपाळी येतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाऊन बघा, ट्रॉलरवर खलाशी पण बरेचसे नेपाळी. आमच्याकडे गेली सहा वर्षं एकच माणूस येतो, त्याचं घर तिकडे डोंगरात, बायको तिकडे शेती बघते, मुलगी माझ्या मुलीएवढी. सीझन संपला की पैसे घेऊन जातो. त्याला बागेत राहायला आम्ही खोपटं बांधून दिलंय, चूल दिलीय, तांदूळ देतो, पहिल्या दिवशी आला की आधी चहा आणि मग काम. ते केल्याशिवाय तो येणारच नाही हे नवऱ्याला नीट कळतं. बाहेरून कामाला येणाऱ्या माणसाला आधी पाठ टेकायला जागा लागते हे आपल्या प्रत्येक बागायतदाराला, प्रत्येक नौकेवाल्याला कळतं. फक्त आपल्याच पोरी बाहेर जातात तेव्हा आपण विसरतो.

मुलीचं सांगायचं राहिलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आहे. शाळेचा पट नऊ. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं म्हणून सरकारने २०२२ ला माहिती मागवली होती तेव्हापासून आमच्या बाई धसका घेऊन आहेत. मी ऑफरचं सांगितलं तेव्हा बाईंनी माझं अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, वहिनी, हिला नेणार नाही ना? मला हसू पण आलं आणि पोटात पण कालवलं. माझी एक पोरगी गेली तर आठ राहतील. कोण गाव सोडतंय कोण नाही याची नोंद तलाठ्यापेक्षा शाळेच्या हजेरीत लवकर होते.

आईंना विचारलं तेव्हा मला वाटलं होतं रडतील. त्या तांदूळ निवडत होत्या, मान पण वर केली नाही. म्हणाल्या, "जा गो. मी तीस वर्षं राहिले ना एकटी. आता तुझा नवरा राहील." मग थोड्या वेळाने विचारलं, "खोली कुठे हाय तुमची?"

बस. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि या पत्राचं कारण तेच आहे.

पुण्यात एकट्या बाईसाठी जागा शोधली ती गोष्ट थोडक्यात सांगते, फार सांगण्यात अर्थ नाही. दोन घरमालकांनी एकट्या बाईला देत नाही म्हणून सांगितलं. एकाने सोसायटीचा नियम दाखवला, कागद मात्र दाखवला नाही. एका पीजीवाल्या बाईंनी माझं मंगळसूत्र बघून विचारलं, लग्न झालंय मग पीजीत कशाला? दुसरा पीजी बघितला तिथे एका खोलीत चार कॉट, सगळ्या पोरी बावीस-तेवीसच्या, छान होत्या बिचाऱ्या, पण मला काकू म्हणाल्या. नोकरी करणाऱ्या बायकांची होस्टेलं आहेत, सरकारची सखी निवास म्हणून योजना पण आहे, मी दोन ठिकाणी फोन केले, दोन्हीकडे वेटिंग. शेवटी चुलत नणंदेकडे पंधरा दिवस राहायचं ठरलंय, तिचा वन बीएचके आहे आणि तिचे सासू-सासरे तिथेच आहेत, त्यामुळे पंधरा दिवस म्हणजे पंधराच दिवस.

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आपण पेपरात वाचतो, कोकण विभाग राज्यात पहिला. २०२५ ला ९८.८२ टक्के. मुली मुलांपेक्षा पुढे, ते पण दरवर्षीचंच. फोटो छापता तुम्ही, चांगलं आहे. पण त्या मुलींचं पुढे दहा वर्षांनी काय झालं ते बघायला या कधीतरी. माझ्या बॅचच्या पहिल्या पाचात आम्ही चार मुली होतो. एक मी. एकीला पुण्यातच नोकरी लागली होती, राहायची सोय नाही म्हणून घरच्यांनी सोडायला लावली, ती आता दापोलीला शिकवण्या घेते. एक लग्न होऊन बदलापूरला. चौथीने मला ही ऑफर मिळवून दिली, आणि तिला पुण्यात टिकता आलं कारण तिची मावशी कोथरूडला होती. हुशारी चौघींचीही सारखीच होती हो, मावशी एकीलाच होती.

आता मुद्द्यावर येते. आमच्या गावचं मुंबई मंडळ अजून आहे. लालबागची ती खोली पागडीची होती, चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, मंडळाच्या वाट्याला आलं ते मंडळाने विकलं. पैसा आला. पैसा कुठे गेला? देवळाच्या जीर्णोद्धाराला, सभामंडपाला, कमानीला. माझा देवळाला विरोध नाही, मी पण वर्गणी दिलीय, पालखीला मी पण नाचते. पण ज्या खोलीने चाळीस वर्षं गावाला पोसलं, ज्या खोलीतून आलेल्या मनीऑर्डरींवर ते देऊळ पहिल्यांदा कौलारू झालं, ती खोली विकून कमान बांधायची आणि परत एक खोली कुठे घ्यायची नाही हे माझ्या अकाउंटिंगमध्ये बसत नाही. भांडवल विकून शोभेचं सामान घेतलं असं याला म्हणतात. गावच्या मीटिंगमध्ये हे बोलायला गेले तर म्हणाले वहिनी तुमचं बरोबर आहे पण आता मुंबईला जातो कोण. बरोबर, मुंबईला कमीच जातात. पुण्याला जातात. आणि जातात त्यात मुली अर्ध्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. एका गावाला जमत नसेल तर पाच-सहा गावांच्या मंडळांनी मिळून पुण्यात एक टू बीएचके भाड्याने घ्यावा, विकत नको, भाड्याने. सहा बायकांची सोय होते. भाडं सहा जणींत वाटलं तर पीजीपेक्षा स्वस्तात पडतं, मी हिशोब केलाय, कोणाला पाहिजे असेल तर कागद देते. मंडळाने फक्त डिपॉझिट घालायचं, जे परत मिळणारं असतं, आणि करारावर मंडळाचं नाव लावायचं म्हणजे घरमालक "एकटी बाई" म्हणून नाक मुरडणार नाही. नियम जुनेच ठेवा. पहिला पगार होईपर्यंत वर्गणी नाही. सहा महिन्यांच्या वर कोणी राहायचं नाही, पुढचीला जागा करून द्यायची. जिला नोकरी लागली तिने दुसरीचा सीव्ही द्यायचा. अप्पांच्या खोलीत हे सगळं होतं आणि ते लोक चौथी-पाचवी शिकलेले होते.

यावर एक आक्षेप येतोच, मीटिंगमध्येही आला, की पोरींची जबाबदारी कोण घेणार, काही वेडंवाकडं झालं तर मंडळाचं नाव. मी विचारलं की गिरणीच्या खोलीत पोरगे दारू पिऊन यायचे, मारामाऱ्या करायचे, एक तर म्हणे वर्गणीचा डबा घेऊन पळाला होता, तेव्हा मंडळाचं नाव खराब झालं नाही का? सगळे हसले आणि विषय पुढच्या मीटिंगला ढकलला. पुढची मीटिंग मे महिन्यात, चाकरमानी आले की.

माझं ठरलंय. मी जातेय, एकटी, सहा महिने. सहा महिन्यांचं प्रोबेशन आहे, कंपनी माझं बघणार तसं मी पण पुण्याचं बघणार. मुलगी इथेच राहील, शाळेचा पट नऊच राहील, बाईंना सांगितलंय. नवरा बाग बघेल आणि स्वयंपाक शिकतोय, आमटी जमते, भाकरी अजून नकाशासारखी होते. जमलं तर पुढचा विचार पावसाळ्यात, नाही जमलं तर परत येईन. पतसंस्थेत परत घेतील याची खात्री नाही आणि एकोणीस हजारांची दुसरी नोकरी इथे पटकन मिळत नाही, ही भीती आहेच, ती मी नाकारत नाही. जॉइनिंगची तारीख मात्र मी पुढे ढकलून घेतली. शिमग्याची पालखी घरी येऊन गेल्याशिवाय मी निघणार नाही असं एचआरला कळवायचं होतं, पण शिमगा म्हणजे काय ते त्या मुलीला फोनवर समजावता येईना, मग "घरचं कार्य आहे" म्हणून लिहिलं.

मार्च २०२३ पासून बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे महिन्यातून दोनदा यायचं म्हणतेय. मुंबईवाल्यांना १९९८ पासून कोकण रेल्वे आहे, पुण्याहून आम्हाला बहुतेक रात्रीची एसटीच, कधी आंबा घाटातून कधी चिपळूणवरून कुंभार्ली करत, पावसाळ्यात दरड आली की तिथेच मुक्काम.

रत्नागिरी, लांजा, राजापूरकडच्या कोणा मंडळाची पुण्यात बायकांसाठी अशी खोली आधीच असेल तर कृपा करून याच सदरात कळवा. माझ्यासाठी पंधरा दिवसांत कळलं तर बरं, नाहीतर माझ्या मागून येणारीला उपयोग होईल. मी तिकडे असले तरी आई पेपर ठेवून देणार आहेत, त्यांना सांगून ठेवलंय की पत्रांचं पान चुलीत घालू नका.

आपली,
एक वाचक
पावस रस्ता, ता. जि. रत्नागिरी

ता.क. नाव छापू नये ही विनंती. पतसंस्थेत अजून राजीनामा दिलेला नाही आणि आमचे मॅनेजर तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.